ऊसबिलाचे पैसे थांबतात कुठे

सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात पेमेंट सेलचा, म्हणजे बँकेत येणारे-जाणारे पैसे सांभाळणाऱ्या विभागाचा, फोन वाजला की तो तक्रारीचाच असणार, हे आम्ही धरूनच चालायचो. पैसे वेळेवर पोचले म्हणून आजवर कुणी फोन केलेला नाही. मी या सेलची जबाबदारी घेतली तेव्हा हंगाम तोंडावर होता. आमची बँक पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातली. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च हा आमच्यासाठी फक्त गाळपाचा काळ नसतो, फायलींचाही असतो. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस कारखान्यावर आल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. कारखाने हे किती पाळतात तो निराळा विषय. पण एकदा कारखान्याने बिल सोडलं की पुढचा प्रत्येक तास आमच्या खात्यावर लिहिला जातो. कारखाना म्हणतो, आम्ही काल सोडले. शेतकऱ्याची बँक म्हणते, आमच्याकडे आलेच नाहीत. मधे कोण? आम्ही.

बाहेरच्यांना एक गोष्ट सहसा माहीत नसते, ती आधी सांगते. सगळ्याच बँका रिझर्व्ह बँकेच्या आरटीजीएस-एनईएफटी यंत्रणेत, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेत, थेट बसलेल्या नसतात. आमच्यासारख्या बँका 'सब-मेंबर' असतात, म्हणजे एका मोठ्या प्रायोजक बँकेच्या दारातून आत जातात. आमच्या शाखांचा आयएफएससी, म्हणजे शाखेची ओळख सांगणारा कोडसुद्धा, त्या बँकेच्या चार अक्षरांनी सुरू होतो. बाहेर जाणारा पैसा त्यांच्याकडच्या आमच्या चालू खात्यातून जातो आणि येणारा तिथेच येतो. आमचं काम कितीही चोख असलं तरी त्या खात्यात शिल्लक नसेल तर फाइल जागची हलत नाही.

सेलमध्ये आल्या आल्या माझ्यापुढे एक तयार टिपण ठेवण्यात आलं: काम वाढलंय, दोन क्लार्क वाढवून द्या. बँकेत कुठल्याही अडचणीवर पहिलं उत्तर हेच असतं आणि पुष्कळदा ते खरंही असतं. सरव्यवस्थापक साहेबांनी टिपण बाजूला सारलं आणि विचारलं, "मॅडम, वेळ नक्की जातो कुठं ते दाखवा, मग माणसं देतो."

ते दाखवायला आम्ही वहीच घेतली. प्रत्येक फाइल आणि प्रत्येक फॉर्म ज्या हातात जाईल त्या हाताने वेळ लिहायची: आला कधी, उघडला कधी, एन्ट्री कधी, ऑथराइज (मंजूर) कधी, प्रायोजक बँकेकडे कधी, यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, कधी हातात आला. कोअर बँकिंगमधून, म्हणजे सगळ्या शाखांची खाती असलेल्या संगणक यंत्रणेतून, यातल्या निम्म्या वेळा निघतात, पण कागद कुणाच्या ट्रेमध्ये पडून आहे हे संगणकाला कळत नाही. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की ही हजेरी आहे, कोण किती काम करतं त्याची. म्हणून मी वहीत नावाचा रकानाच ठेवला नाही, फक्त टेबलाचा ठेवला.

आठवड्याभरात चित्र समोर आलं. एका एनईएफटीच्या प्रत्यक्ष एन्ट्रीला मिनिटं लागत होती आणि शाखेत फॉर्म भरल्यापासून पैसे निघेपर्यंत अर्धा दिवस. मधला सगळा वेळ वाट बघण्याचा. शाखेत ग्राहक फॉर्म भरायचा, शाखा तो स्कॅन करून मेल करायची, आमच्याकडचा क्लार्क प्रिंट काढून तेच आकडे पुन्हा टाइप करायचा, मग ऑथराइज करणारा अधिकारी. तो अधिकारी कर्जाच्या मीटिंगमधून येईपर्यंत गठ्ठा तसाच. शाखांचे मेलही दोनच वेळा यायचे, जेवणाआधी आणि चारनंतर, कारण 'सगळे एकदम पाठवू' ही तिथली जुनी सवय. दोन क्लार्क वाढवले असते तर टायपिंग लवकर उरकलं असतं आणि गठ्ठा ऑथरायझेशनच्या टेबलावर जरा आधी जाऊन बसला असता, एवढंच.

पहिला बदल सरळ होता: एन्ट्री शाखेतच करायची, तिथल्याच दुसऱ्या अधिकाऱ्याने ती तपासायची, आणि ठरावीक रकमेवरचेच व्यवहार सेलकडे यावेत. कागदावर सोपा, गळी उतरवायला अवघड. शाखाधिकारी म्हणाले, जबाबदारी आमच्यावर ढकलताय. कॉन्करंट ऑडिटर, म्हणजे व्यवहार होत असतानाच तपासणारे लेखापरीक्षक, म्हणाले, सही कोण बघणार? त्यांचा प्रश्न रास्त होता. फॉर्मवरची सही सेलमध्ये तपासली जाते असं सगळे धरून चालले होते, पण सेलमध्ये स्कॅन केलेली फिकट प्रत यायची. मूळ सही आणि खातेदार दोघेही शाखेतच असतात, तेव्हा तपासणीची जागाही तीच. ऑडिटरना हे पटलं. मात्र त्यांनी एक अट घातली: मोठ्या रकमेसाठी खातेदाराच्या नोंदणीकृत मोबाइलवर उलट फोन, आणि त्याची नोंद. ही अट आम्हाला सुचायला हवी होती असं मला आजही वाटतं.

दोनच माणसं असलेल्या शाखांचा पेच मात्र कुठल्याच आराखड्यात बसेना. एक रजेवर गेला की मेकर (एन्ट्री करणारा) आणि चेकर (ती तपासणारा) एकच. अशा शाखांसाठी चेकरचं काम सेलकडेच ठेवलं. नियम सगळीकडे सारखा हवा असा आग्रह धरणारे होते, पण लग्नसराईत शाखेत खरोखर एकच माणूस उरतो आणि मग पासवर्ड कागदावर लिहून देण्याची वेळ येते. त्यापेक्षा अपवाद लेखी केलेला बरा.

प्रायोजक बँकेतल्या शिलकीचा प्रश्न तर तंत्रज्ञानाचा नव्हताच. कारखान्याची बिलाची फाइल सकाळी अकराला यायची आणि तेव्हा बँकेच्या पैशांची तजवीज करणाऱ्या ट्रेझरी विभागाला पहिल्यांदा कळायचं की आज एवढे कोटी बाहेर जाणार. मग ठेवी मोडा, कुठून तरी वळवा, आणि तोवर फाइल रांगेत. आम्ही कारखान्याच्या अकाउंट्स विभागाशी ठरवून घेतलं की बिलाची तारीख आणि ढोबळ रक्कम दोन दिवस आधी फोनवर सांगायची. तालुक्याच्या दूध संघाचं काम याहून सोपं. त्यांची बिलं दर दहा दिवसांनी ठरलेल्या तारखांना निघतात, त्या तारखा ट्रेझरीच्या कॅलेंडरवर कायमच्या लिहून टाकल्या. खर्च काहीच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

आता फायलींच्या आतल्या गोष्टी. कारखान्याची यादी एक्सेलमध्ये येते. एक्सेल खाते क्रमांकाला आकडा समजतं. समोरची शून्यं गळतात, मोठा क्रमांक मधेच 'ई' घेऊन दशांशात दिसू लागतो. पण खरी गंमत 16 अंकी क्रमांकाची. एक्सेल पंधराच अंक नेमके धरून ठेवतं, सोळावा अंक गुपचूप शून्य होतो. काही बँकांचे खाते क्रमांक 16 अंकीच असतात. यादीत त्या बँकांच्या सगळ्या शेतकऱ्यांचे क्रमांक शून्यावर संपलेले दिसले तर कुणाच्याही लक्षात येईल, पण हजारो ओळींत ते विखुरलेले असतात आणि नजर सरकून जाते. बहुतेक वेळा असा क्रमांक अस्तित्वातच नसतो आणि पैसे परत येतात. नेमका तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा असला तर? एनईएफटीत पैसे केवळ खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळलंच पाहिजे असं नाही. त्या शेतकऱ्याचे पैसे अनोळखी माणसाच्या खात्यात, आणि ते परत मिळवायचे म्हणजे त्या माणसाच्या मर्जीवर.

यावर आम्ही कारखान्याला टेम्प्लेट दिलं, ज्यात खाते क्रमांकाचा रकाना मुळातच मजकूर म्हणून ठरवलेला होता. दोन बिलं नीट आली. तिसऱ्या वेळी कारखान्याच्या गट कार्यालयातल्या कुणीतरी जुनी यादी त्यात डकवली आणि पुन्हा तेच. तेव्हा कळलं की टेम्प्लेट पाठवून भागत नाही. मग आमच्या आयटीतल्या मुलाने एक छोटा तपासणी प्रोग्रॅम लिहिला. फाइल बँकेच्या यंत्रणेत चढण्याआधी ती त्यातून जाते: कुठल्या बँकेचा क्रमांक किती अंकी हवा, आयएफएससी अकरा अक्षरांचा आहे का, पाचवं अक्षर शून्य आहे की इंग्रजी 'ओ', एकाच खात्यावर एकच रक्कम दोनदा आहे का. ज्या ओळी अडतात त्यांची यादी बाजूला निघते, बाकीची फाइल पुढे जाते. पूर्वी एका चुकीच्या ओळीसाठी अख्खी फाइल कारखान्याकडे परत जायची आणि दीड हजार लोक एका शून्यासाठी थांबायचे.

आयएफएससीचं आणखी एक प्रकरण होतं. 1 एप्रिल 2019 ला देना आणि विजया बँक ऑफ बडोदात गेल्या. 1 एप्रिल 2020 ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या: सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनल बँकेत. जुने कोड काही काळ चालले, मग टप्प्याटप्प्याने बंद झाले. शेतकऱ्याने कारखान्याला खातं एकदाच दिलेलं असतं, बहुधा वडिलांच्या हयातीत. त्याला काय माहीत की त्याच्या शाखेचा कोड बदलला. आम्ही जुन्या-नव्या कोडचा तक्ता तपासणी प्रोग्रॅममध्ये घातला, पण फाइलमधला कोड परस्पर बदलायचा नाही असं ठरवलं. दुरुस्तीची सूचना कारखान्याला जायची आणि त्यांनी होकार दिल्यावरच बदल. थोडा उशीर होतो, होऊ दे. ग्राहकाने दिलेल्या सूचनेत बँकेने हात घालणं मला पसंत नाही. शिवाय त्यामुळे कारखान्याचीच मूळ यादी दुरुस्त होत गेली, आणि पुढच्या बिलाला तीच ओळ पुन्हा अडली नाही.

आवक रकमांची कथा निराळी. 16 डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास, सगळे दिवस सुरू झाली, अर्ध्या अर्ध्या तासाच्या 48 बॅचेस. वर्षभराने, 14 डिसेंबर 2020 पासून आरटीजीएसही. ग्राहकांना आनंद झाला. आमच्याकडे मात्र आवक फाइल प्रायोजक बँकेच्या पोर्टलवरून हाताने उतरवून घ्यायची आणि कोअर बँकिंगमध्ये हाताने चढवायची पद्धत होती. नियम सांगतो की बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत पैसे जमा करा, नाहीतर परत पाठवा. उशीर झाला तर ग्राहकाला रेपो दर अधिक 2 टक्के दराने व्याज, तेही त्याने न मागता. रविवारी रात्री आलेले पैसे सोमवारी सकाळी क्लार्क चहा घेऊन बसल्यावर जमा होणार असतील तर नियम रोजच मोडणार. प्रायोजक बँकेशी थेट संगणकीय जोडणी घ्यावी लागली. संचालक मंडळापुढे तिचा खर्च मांडताना मी उशिराच्या व्याजाची बेरीज दाखवली. ती फार मोठी नव्हती. मोठं होतं ते दुसरंच: पगार रविवारी निघाले की आमच्या खातेदाराला सोमवारी कळायचं आणि शेजारच्या बँकेतल्या त्याच्या मेहुण्याला रविवारीच. एका संचालकांच्या घरात हे घडलेलं होतं. ठराव पास झाला.

जोडणी आल्यावर एक वेगळाच अडसर पुढे आला, डे-एन्ड. रात्री कोअर बँकिंग दिवस बंद करत असताना खात्यांवर काहीच टाकता येत नाही, आणि आमचा डे-एन्ड फार लांबायचा. खोदल्यावर दिसलं की त्यातला मोठा भाग अहवाल तयार करण्याचा होता. त्यातले कित्येक अहवाल कोणीच वाचत नव्हतं. एक अहवाल तर बंद झालेल्या विभागासाठी रोज निघत होता. ते काढून टाकले, काही पहाटेवर ढकलले. डे-एन्डमध्ये साचलेल्या आवक रकमा नवी तारीख उघडली की पहिल्यांदा टाकायच्या, असा क्रम लावला.

आणि मग सस्पेन्स. आवक रक्कम आली, खाते क्रमांक जुळत नाही, तर पूर्वी ती सस्पेन्स खात्यात, म्हणजे मालक न सापडलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, ठेवून शाखेला फोन केला जायचा. आमच्याकडे बरेच लोक अजून कोअर बँकिंगच्या आधीचा, पासबुकावरचा जुना क्रमांक देतात. शाखेतला जुना कर्मचारी तो ओळखतो, नवा ओळखत नाही. जिथे जुना क्रमांक, शाखा आणि नाव तिन्ही निःशंक जुळतात तिथे नव्या क्रमांकाशी जोड देणारा तक्ता केला. बाकीचं सगळं दोन तासांच्या आत परत.

याला सर्वांत जास्त विरोध झाला. "मॅडम, आलेलं पैसं परत कशाला पाठवताय? ठेवा की, उद्या शोधू," असे फोन रोज. उद्या शोधू म्हणून ठेवलेल्या रकमांची यादी मी एका शाखाधिकाऱ्यांना छापून पाठवली, काही मागच्या हंगामातल्या होत्या. तरी त्यांचं म्हणणं होतं की ग्राहक नाराज होतो. होतो खरा, पहिल्यांदा. पण पैसे परत गेले की पाठवणारा क्रमांक तपासतो आणि बरोबर करतो. सस्पेन्समध्ये ठेवून आम्ही हळूच जमा केले की त्याला कधी कळतच नाही आणि तो दर महिन्याला तोच चुकीचा क्रमांक पाठवत राहतो. वर्षानुवर्षं आम्ही दुसऱ्यांच्या याद्या त्यांच्या नकळत दुरुस्त करत बसलो होतो. त्यासाठीच दोन क्लार्क हवे होते.

नाव न जुळण्याचा धोका आता थोडा कमी झालाय. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार 1 एप्रिल 2025 पर्यंत बँकांनी आरटीजीएस-एनईएफटी करण्याआधी समोरच्या खात्याचं नाव दाखवण्याची सोय द्यायची होती. शाखेत फॉर्म घेताना क्लार्क नाव बघून खातेदाराला विचारतो, "हेच का?" आणि अधूनमधून समोरून येतं, "नाही हो, हा कोण?" हजार ओळींच्या यादीला मात्र हा उपाय पुरत नाही.

हे सगळं मार्गी लागतंय तोवर चेकने डोकं वर काढलं. चेक संपत चाललाय असं आम्ही सगळे मानत होतो. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक क्लिअरिंग सलग झालं: सकाळपासून दुपारपर्यंत चेकच्या प्रतिमा येत राहतात आणि ज्या बँकेवर चेक काढलाय तिने संध्याकाळी 7 पर्यंत होय किंवा नाही सांगायचं. काहीच सांगितलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. शेवटचं वाक्य नीट वाचा. आधी इनवर्ड चेक, म्हणजे आमच्या खातेदारांनी दिलेले आणि दुसऱ्या बँकांतून आलेले चेक, एकगठ्ठा यायचे, सह्या शांतपणे तपासायला वेळ असायचा. आता आमच्या आळसाची किंमत थेट आमच्याच खिशातून.

आम्ही आधी तपासणीची वाटणी केली. तारीख, तीन महिन्यांची मुदत, थांबवलेले चेक, शिल्लक हे यंत्रणा बघते. 50 हजार आणि त्यावरचे चेक 'पॉझिटिव्ह पे'शी, म्हणजे खातेदाराने आधीच कळवलेल्या तपशिलाशी, जुळवायचे. उरलेल्यांच्या सह्या माणसाने बघायच्या. इथे खरं दुखणं सापडलं: आमच्याकडच्या नमुना सह्यांची अवस्था. कोअर बँकिंगला जाताना घाईत स्कॅन केलेली कार्डं, काही आडवी, काही अर्धी. दूध संस्था आणि विकास सोसायट्यांमध्ये निवडणूक होते, अध्यक्ष-सचिव बदलतात, नवा ठराव शाखेच्या फाइलमध्ये लागतो, पण सही यंत्रणेत चढतच नाही. मग प्रत्येक चेकला सेलमधून शाखेला फोन, आणि शाखेतून "थांबा, कार्ड काढतो". सगळ्याच सह्या नव्याने स्कॅन करायला वर्ष गेलं असतं. म्हणून महिन्यात सगळ्यात जास्त चेक फाडणारी खाती काढली. संस्था, अडते, खतांचे दुकानदार, दोन-चार ठेकेदार. यादी अपेक्षेपेक्षा खूपच लहान निघाली. शाखांनी आधी तेवढ्याच सह्या अद्ययावत केल्या आणि फोन निम्म्याहून कमी झाले.

शिल्लक नसलेल्या चेकचा रिवाज आमच्या भागात फार जुना. शाखाधिकारी खातेदाराला फोन करतात, "चेक आलाय, पैसे भरून जा." पूर्वी त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत सवड होती. आता संध्याकाळचे पाच ही आमची शेवटची वेळ, त्यानंतर चेक परत. पहिल्याच आठवड्यात एका मोठ्या व्यापाऱ्याचा चेक परत गेला आणि शाखाधिकारी स्वतः सेलमध्ये येऊन बसले. "तेवढं सोडा की, मॅडम, वाटेत आहेत ते." मी त्यांना स्क्रीनवरचं घड्याळ दाखवलं. ते व्यापारी आता चेक देण्याच्या आदल्या दिवशी पैसे भरतात. त्यांनी एक ओव्हरड्राफ्टही मागितलाय आणि तो प्रस्ताव कर्ज विभागात आहे.

सेलमध्ये माणसं तेवढीच आहेत. टायपिंग करणाऱ्यांपैकी एक जण आता दिवसभर फक्त परत आलेल्या रकमांचा पाठपुरावा करतो, दुसरी चेकच्या सह्या बघते. यूपीआयच्या अडकलेल्या व्यवहारांचं रिकन्सिलिएशन (ताळमेळ) मात्र अजून स्विच पुरवठादाराच्या, म्हणजे यूपीआयची जोडणी पुरवणाऱ्या कंपनीच्या, अहवालावरून हातानेच चालतं. त्याची वही मागच्या महिन्यात सुरू केली आहे, आणि पहिल्या पानावरच दिसतंय की अहवाल सकाळी येतो पण उघडला जातो दुपारी.